लाडकी गाडी कायमची बंद पडली! दुसरी घेण्याआधी हा हिशोब करा



मागच्या व्हिडिओत गाडीच्या कर्जाबद्दल बोलताना मी सहज म्हणून गेलो, की आमची ओमनी बंद पडली नसती तर मला माझ्या धंद्याचा खरा हिशोब कळलाच नसता. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, नेमकं झालं काय होतं? व्हिडिओत बोलताना आकडे पटापट निघून जातात, म्हणून सगळं इथे लिहून काढतोय. वही-पेन घेऊन बसा, गुणाकार-भागाकार आहे.

आधी गाडीची ओळख. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, २००४ साली नवी कोरी मारुती ओमनी घेतली. तेव्हा ती रस्त्यावर यायला सव्वादोन लाखांच्या आसपास लागले. आमचा साताऱ्यात घरगुती कांदा-लसूण मसाल्याचा धंदा. आई मिरच्या भाजायची, डंकावर कुटून आणायचो, पाकिटं भरायचो आणि ओमनीतून दुकानादुकानांत टाकायचो. आठवड्यातून एकदा पुणे, बाकी तीन दिवस जवळपासची गावं. मी गाडी चालवायला शिकलो ती त्याच ओमनीवर. बहिणीच्या लग्नात रुखवत त्यातूनच गेलं. मागच्या सीट काढल्या होत्या आणि मसाल्याचा वास पत्र्यात इतका मुरला होता, की टोलनाक्यावरचा माणूस काच खाली केली की शिंकायचा.

मे २०१८. मसाल्याचा ऐन हंगाम. पुण्याची फेरी करून परत येताना खंबाटकी घाट चढत होतो. साताऱ्याकडे येताना तेव्हा बोगदा नव्हता, घाटच चढावा लागायचा, हे तिकडच्यांना माहीत आहे. ओमनीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट एकदम तापायला लागली. मी काट्याकडे बघितलं, तर काटा खाली. म्हटलं, उन्हानं असेल. दोनेक किलोमीटर तसाच रेटला. मग एक कर्कश आवाज आला आणि गाडी जागेवर थांबली.

रेडिएटरचा पाईप फुटून पाणी केव्हाच निघून गेलं होतं. पाणीच नसलं की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. पाईप जुना झालाय, बदला, असं मिस्त्रींनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. पाईप किती रुपयांचा, ते मी सांगत नाही, लाज वाटते.

टोचन लावून गाडी साताऱ्याला आणली. मिस्त्रींनी इंजिन खोललं, हेड वाकलेलं, पिस्टन जाम. म्हणाले, "अण्णा, दुसरं इंजिन बसवून देतो, अडतीस हजार होतील. पण दादा, तुम्हाला खरं सांगू का, खालचा पत्रा बघा एकदा." पत्रा हाताने दाबला की आत जात होता.

पहिले तीन दिवस गाडीचा विचार करायचा नाही

इथे मी एक गोष्ट बरोबर केली, तीही नाइलाजाने. घरात दीडशे किलो मसाला भरून तयार होता आणि परवा कोरेगावला पोचवायचा होता. स्टँडवरून छोटा हत्ती भाड्याने घेतला आणि माल टाकून आलो. पुढचे पाच आठवडे तसंच केलं.

तुमची गाडी बंद पडली की घरातले, मित्र, शोरूमवाले सगळे एकदम सल्ले द्यायला लागतात. त्या वेळी ग्राहकाला माल पोचवणं एवढंच काम असतं. भाड्याची गाडी घ्या, मेव्हण्याची मागा, दुचाकीवर दोन चकरा मारा. मोठ्या ग्राहकांना स्वतः फोन करून सांगा, की गाडी बंद आहे, तरी माल अमुक दिवशी येतोय. बंद गाडीसमोर उभं राहून, घाबरलेल्या मनाने चार लाखांचा निर्णय घेऊ नका.

भाड्याच्या गाडीचा दुसरा फायदा मला पाचव्या आठवड्यात दिसला. भाडं रोख द्यावं लागतं. आणि रोख दिलं की माणूस मोजतो.

ओमनी फुकट पळत होती, हा माझा गैरसमज

ओमनी होती तेव्हा पुण्याच्या ट्रिपचा माझा हिशोब असा होता. एका ट्रिपला साधारण १२० किलो मसाला जायचा. मिरची, बाकी जिन्नस, कुटणावळ, पाकिटं, बायकांची मजुरी हे सगळं वजा जाता किलोमागे ४५ रुपये सुटायचे. म्हणजे ५,४०० रुपये. जाऊन-येऊन आणि पुण्यात फिरून २६० किलोमीटर, पेट्रोल आणि टोल मिळून २,००० रुपये. राहिले ३,४००. मी खूश!

छोट्या हत्तीचं भाडं ३,४००, टोल वेगळा, म्हणजे ३,७०० च्या घरात. ५,४०० मधून ते गेले की राहिले १,७००. बरोबर निम्मे. माल तोच, दुकानं तीच, भाव तोच. मग उरलेले १,७०० आधी कुठून येत होते?

ते ओमनीतून येत होते. अण्णांनी २००४ मध्ये एकदाच भरलेले सव्वादोन लाख आम्ही चौदा वर्षं थोडे थोडे खात होतो. टायर, बॅटरी, विमा, क्लचप्लेट हा खर्च घरखर्चातून जायचा, मसाल्याच्या वहीत कधी चढलाच नाही. मसाल्याचा भाव ठरवताना मी गाडीचे पैसे धरलेच नव्हते. धंदा नफ्यात आहे असं वाटत होतं, कारण गाडी आधीच घेऊन झालेली होती.

इथे कुणी म्हणेल, घसारा तर सीए काढतोच की. काढत असेल तर चांगलंच आहे. पण तुमच्यापैकी बरेच जण अनुमानित उत्पन्न योजनेत, म्हणजे उलाढालीच्या ठराविक टक्के नफा दाखवून, रिटर्न भरतात. त्यात घसाऱ्याची वेगळी वजावट नसते, म्हणून तो आकडा कधी डोळ्यांसमोर येतच नाही. आणि जिथे काढला जातो तिथेही तो कागदावर असतो. नवी गाडी घेताना कागदावरचा घसारा शोरूममध्ये चालत नाही, रोकड लागते.

दुरुस्ती की नवी? मला उत्तर आधी चुकीचं मिळालं

अण्णांचं म्हणणं सरळ होतं, इंजिन बसवा. मीही हिशोब केला. इंजिन ३८,०००. पुढच्या वर्षी गाडीला १५ वर्षं होणार, म्हणजे आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण आलं. त्यासाठी गाडी तपासणीला न्यायची, वर पर्यावरण कर. पत्रा बदलून, रंग काढून ती तपासणीत पास होईल अशी करायला मिळून २५,००० धरले. एकूण ६३,०००. गाडी आणखी तीन वर्षं चालली तर वर्षाला २१,०००. नेहमीची देखभाल आणि विमा २४,०००. झाले ४५,०००.

नव्या गाडीचं काय? सामान वाहायची लहान व्हॅन तेव्हा चार लाखांच्या पुढे जात होती. आठ वर्षं वापरून विकली तर किमतीतली घट वर्षाला ३५,०००, विमा-कर-देखभाल ३७,०००, व्याज सरासरी १८,०००. म्हणजे ९०,०००. पेट्रोल दोन्हीकडे सारखंच धरलं.

४५ विरुद्ध ९०. अण्णा जिंकले! मी गॅरेजला हो सांगायला निघालोच होतो.

मग आईने एक प्रश्न विचारला. "मागच्या वर्षात गाडी किती दिवस गॅरेजमध्ये होती रे?" मोजलं. सतरा दिवस. त्यात पुण्याच्या चार ट्रिपा बुडाल्या होत्या, त्याचे १३,६०० गेले. तेवढ्यानेही ओमनीच स्वस्त पडत होती. पण त्या चार ट्रिपांमुळे पुण्यातल्या दोन दुकानांनी दुसऱ्याचा मसाला ठेवायला सुरुवात केली होती. दोन्ही मिळून ट्रिपमागे २० किलो. २० किलो गुणिले ४५ रुपये गुणिले वर्षाच्या ४८ ट्रिपा, किती झाले? ४३,२००. बेरीज गेली एक लाखाच्या वर.

दुरुस्तीचं कोटेशन हातात आलं की आपण ते गाडीच्या किमतीशी ताडून बघतो. "गाडी तीसची, दुरुस्ती अडतीसची, मग कशाला?" हा हिशोब अर्धवट आहे. तीसची गाडी अडतीस घालून पाच वर्षं बिनतक्रार पळणार असेल तर जरूर घाला. बघायचं ते हे, की पैसे घातल्यावर ती किती दिवस न थांबता चालेल, आणि ती थांबली तर तुमचं काय बुडतं. शाळेचा डबा पोचवणाऱ्याचं एका दिवसात गिऱ्हाईक तुटतं. फर्निचरवाल्याचं चार दिवस उशीर झाला तरी तुटत नाही. तो आकडा तुमच्या धंद्यातून तुम्हालाच काढायचा आहे, मिस्त्री तो सांगू शकत नाही.

गाडी नको होती, काम व्हायला हवं होतं

आता गंमत बघा. दुरुस्ती बाद झाली म्हणजे नवी घ्यायची, असं मी धरूनच चाललो होतो. बँकेत जाऊनही आलो. पण पाच आठवड्यांच्या भाड्याच्या नोंदी वहीत होत्या. त्या बघताना लक्षात आलं, की ओमनी दोन वेगवेगळी कामं करत होती. वर्षाच्या १८,००० किलोमीटरपैकी साडेबारा हजार एकट्या पुण्याचे. उरलेले साडेपाच हजार जवळच्या गावांचे, म्हणजे एका फेरीला पस्तीसेक किलोमीटर आणि तीस-चाळीस किलो माल. त्यासाठी व्हॅन कशाला?

आणि पुण्याला दर आठवड्याला जायचं, हे कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. गाडी दारात होती म्हणून जात होतो. कधी ९० किलो, कधी १४०.

मग दुकानदारांना आदल्या दिवशी फोन करून ऑर्डर घ्यायला सुरुवात केली आणि बारा दिवसांतून एक ट्रिप ठेवली. पहिले दोन महिने कुरकुर झाली, एक दुकान सुटलं. नंतर ट्रिपमागे १९० किलोपर्यंत माल जायला लागला. १९० गुणिले ४५ म्हणजे ८,५५०, त्यातून भाडं-टोल ३,७०० गेले, राहिले ४,८५०. वर्षाला अशा ३० ट्रिपा, म्हणजे १,४५,५००. दर आठवड्याला भाड्याने गेलो असतो तर ४८ ट्रिपांचे ८१,६०० मिळाले असते. विकलेला मसाला जवळपास तेवढाच!

नवी व्हॅन घेऊन ३० ट्रिपा केल्या असत्या तर? तोही हिशोब केला, तो भाड्याच्या आसपासच येत होता. फरक एवढाच, की जुलै-ऑगस्टमध्ये मसाला उठत नाही तेव्हा भाडं बंद होतं, हप्ता बंद होत नाही. "महिन्याला हप्ता झेपेल का" असं विचारत बसू नका. तुमच्या सगळ्यांत मंद महिन्यात हप्ता कशातून जाणार, ते वहीत लिहून काढा.

काही जण विचारतील, माल ट्रान्सपोर्टने का नाही पाठवला? करून बघितलं. पार्सलने माल जातो, उधारी परत येत नाही. त्यासाठी दुकानात तोंड दाखवावं लागतं.

जवळच्या गावांसाठी बावीस हजारांची जुनी मोपेड घेतली. आमच्याकडे सगळ्या मोपेडना लुनाच म्हणतात. पुढे एक खोका, मागे दोन. पहिल्या दिवशी वाईच्या एका दुकानदाराने विचारलं, "काय हो, व्हॅन कुठाय? धंदा बसला की काय?" मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. गाडी छोटी झाली की लोकांना वाटतं माणूस खाली आला. पण त्याच दुकानदाराने पुढच्या फेरीला नेहमीचा माल घेतला.

ही वाट सगळ्यांनी धरावी असं मी म्हणत नाहीये. रोज पहाटे मार्केट यार्डातून भाजी आणणाऱ्याला स्वतःची गाडी लागते, आणि लवकर लागते. त्यानेही आधी महिनाभर भाड्याने पळून दर फेरीचे किलो, किलोमीटर आणि सुटलेले पैसे लिहावेत, म्हणजे कोणत्या आकाराची गाडी लागते ते कळेल. जुन्या गाडीएवढीच किंवा तिच्याहून मोठी गाडी घ्यायची, हे शोरूमच्या दारात ठरतं. तिथे जाण्याआधी ठरवा.

कागदपत्रं: इथे मी चुकलो, तुम्ही चुकू नका

ओमनी मी भंगारवाल्याला अठरा हजारांना दिली. पैसे मोजून घेतले, मोकळा झालो. आरसी बुक घरातच, नोंदणी अण्णांच्याच नावावर! सात-आठ महिन्यांनी एका ओळखीच्या एजंटने झापलं तेव्हा धावाधाव केली. गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्यातच आहे. तसं न करता गाडी दिली, आणि तिची नंबरप्लेट किंवा चेसिस दुसऱ्या कुठल्या गाडीवर फिरली, तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात.

आता सोय बरी आहे. सरकारमान्य वाहन भंगार केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नवी गाडी घेताना नोंदणी शुल्कात माफी आहे. मोटार वाहन करात केंद्राच्या नियमांप्रमाणे खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि वाहतुकीच्या गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. आपल्याकडे प्रत्यक्ष किती मिळते ते आरटीओत विचारून मगच गाडी द्या. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर आधी बँकेचा ना हरकत दाखला घेऊन तो उतरवा.

विमा. क्लेम न घेतल्याबद्दल जो बोनस साठतो तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी गेली की विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. तीन वर्षांत त्याच प्रकारची दुसरी गाडी घेतलीत तर गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. मात्र खासगी गाडीचा बोनस मालवाहू गाडीला लागत नाही.

आणि एक जरा कडू गोष्ट. आम्ही चौदा वर्षं पांढऱ्या पाटीच्या गाडीतून धंद्याचा माल नेला. खासगी गाडीच्या पॉलिसीत, नमुने आणि स्वतःचं सामान सोडून, मालवाहतूक बसत नाही. घाटात इंजिनाऐवजी अपघात झाला असता तर कंपनीने क्लेम नाकारला असता आणि मला बोलायला तोंड नसतं. माल न्यायचा असेल तर पिवळ्या पाटीचीच गाडी घ्या. तिला फिटनेस लागतो, आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि नंतर दरवर्षी. पण एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तुमची नेहमीची जीएसटी नोंदणी असेल, कंपोझिशन नसेल, तर मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचं क्रेडिटही घेता येतं. साध्या कारवर ते मिळत नाही.

आणि अण्णा?

हे व्हिडिओत सांगितलं नव्हतं. भंगारवाला आला त्या दिवशी अण्णा पंढरपूरला गेले होते. तो दिवस मी मुद्दाम निवडला होता. समोर असले तर गाडी देऊच देणार नाहीत, असं मला वाटलं. गाडी बंद पडल्यापासून ते रोज रात्री जेवण झालं की अंगणात जाऊन तिच्यात दहा मिनिटं बसायचे. परत आले, रिकामी जागा बघितली, आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आईकडून निरोप यायचे.

हिशोब माझा बरोबर होता. पण ती गाडी त्यांच्या पैशाने, त्यांच्या नावावर घेतलेली. त्यांना विचारलं असतं तर दोन दिवस वाद झाला असता, एवढंच. घरच्यांची गाडी काढताना त्यांना सोबत घेऊन जा. डॅशबोर्डवरचा गणपती, किल्लीची साखळी, जे काही ठेवायचं ते त्यांना स्वतःच्या हाताने काढू द्या. आमचा गणपती गाडीबरोबर गेला. दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याकडे गेलो, तोवर पत्रा वेगळा झाला होता.

नवव्या दिवशी सकाळी मी मोपेडला खोके बांधत होतो. अण्णा बाहेर आले, मीटरकडे बघितलं आणि म्हणाले, "किलोमीटर लिहितोस का रे कुठे?" मी म्हटलं, लिहितो, पण रोज नाही होत. ते आत गेले आणि जुनी डायरी घेऊन आले.

तेव्हापासून मोपेडच्या दर किलोमीटरला एक रुपया आणि पुण्याच्या दर ट्रिपला पाचशे रुपये वेगळ्या आरडीत जायला लागले. मधला लॉकडाऊनचा खाडा धरूनही तीन वर्षांत पन्नास हजारांच्या आसपास जमले. २०२१ मध्ये ऑर्डरी वाढल्या तेव्हा तेच पैसे पुढे करून पिवळ्या पाटीचा जुना छोटा टेम्पो घेतला. त्याच्या मीटरचा आकडा रोज रात्री डायरीत चढतो, आणि रेडिएटरचा पाईप दर सहा महिन्यांनी तपासल्याची तारीखही. दोन्ही नोंदी अण्णाच करतात.

या आठवड्याचा गृहपाठ: आज रात्री तुमच्या गाडीचा मीटर बघून आकडा वहीत लिहा. शेजारी मागच्या बारा महिन्यांत ती किती दिवस बंद होती ते लिहा. घरात कुणाला तरी विचारा, त्यांना तुमच्यापेक्षा नीट आठवत असेल.